जुम्मा तलावाकाठचा सावकार

गेल्या काही वर्षांत नागपुरात एक नवीच तक्रार ऐकू येते. पूर्वी पोरगा इंजिनिअर झाला आणि इथे काही जमलं नाही की घरचे म्हणत, जा बाबा पुण्याला. आता पोरगा इंजिनिअर होतो, दोन मित्र गोळा करून कंपनी काढतो आणि काही महिन्यांनी तोंड पाडून सांगतो, "फंडिंग नाही भेटून राहिलं." बापाला वाटतं पोराचं डोकं फिरलं. पोराला वाटतं नागपुरात जन्मलो इथेच घोडं अडलं. आणि दोघेही शेवटी माझ्या धंतोलीच्या ऑफिसात येऊन बसतात, कारण मी सीए आहे आणि पैसा कुठून येतो हे सीएला ठाऊक असतं अशी लोकांची समजूत आहे.

या पोरांच्या मनात व्हीसीची एक मूर्ती असते. व्हेंचर कॅपिटलवाला, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा घालणारा, हा पुढचं दिसणारा माणूस. तो नाही म्हणाला म्हणजे आपल्या धंद्यात दम नाही, हो म्हणाला म्हणजे आपण गड जिंकला. मला यातलं काहीच पटत नाही. या लोकांना पुढचं आपल्याइतकंच दिसतं, फार तर चार पावलं जास्त. त्यांचं वेगळेपण दुसरीकडे आहे. चूक झाली तर ती किती महागात पडेल, याचा त्यांचा हिशेब आपल्या इतवारी बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या बरोबर उलटा आहे. तो उलटा हिशेब एकदा डोक्यात बसला की त्यांचे चमत्कारिक प्रश्न, त्यांचे नकार, त्यांची एकमेकांमागे धावण्याची खोड, सगळ्याची संगती लागते.

हे समजावायला मला बेंगळुरूपर्यंत जावं लागत नाही. आपला जुम्मा तलाव पुरतो, ज्याला आता गांधीसागर म्हणतात.

१८७४ साली जमशेटजी टाटांनी १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली आणि गिरणीसाठी नागपूर निवडलं. तेव्हा गिरणी म्हणजे मुंबई असं समीकरण होतं. टाटांचं गणित वेगळं होतं: कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, आणि रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात पोचलेली. जागा मिळाली ती मात्र तलावाजवळची दलदल. तीत भर टाकायचं काम सुरू झालं. टाटांचे चरित्रकार सांगतात की इथल्या एका मारवाडी सावकाराकडे त्यांनी पैशाची गोष्ट काढली होती. सावकाराने तो चिखल पाहिला आणि नकार दिला. हा माणूस सोनं मातीत घालतोय, असं त्याचं म्हणणं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे अशी चालली की तोच सावकार म्हणाला, टाटांनी सोनं घातलं नव्हतं, माती घालून सोनं काढलं.

गोष्ट सांगणारा इथे हटकून हसतो. मला मात्र त्या सावकाराची बाजू घ्यावीशी वाटते. समजा त्याने १०० रुपये १८ टक्क्यांनी दिले असते. गिरणी चालली असती तर त्याला वर्षाला १८ मिळाले असते. गिरणी कितीही मोठी झाली तरी १८ चे १९ झाले नसते. आणि बुडाली असती तर १०० गेले असते, म्हणजे आणखी पाच-सहा चांगल्या कर्जांचं वर्षभराचं व्याज एका झटक्यात साफ. अशा धंद्यात एक वाईट ऋणको दहा चांगल्यांना खाऊन टाकतो. म्हणून सावकार गहाण मागतो, बँक तीन वर्षांचे ताळेबंद मागते, आणि शंका आली की नाही म्हणते. शंका घेणं हेच त्यांचं काम. चिखल पाहून नाही म्हणणारा तो माणूस आपल्या धंद्यात अगदी पक्का होता.

ज्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतले त्यांचा हिशेब निराळा. बुडाले असते तर १०० च बुडाले असते, जास्त नाही. आणि चाललं तर वर छत नाही. इथे खरी महागाची चूक म्हणजे बुडणाऱ्याला पैसे देणं ही नव्हेच. चालणाऱ्याला नाही म्हणणं, ती खरी महागात पडते.

व्हीसीचा सगळा धंदा या एका फरकावर उभा आहे. १९५७ साली बोस्टनच्या एआरडीसी नावाच्या संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि दहा-पंधरा वर्षांत त्याचे हजारो पट झाले. त्या संस्थेच्या बाकीच्या गुंतवणुकी कोणाला आठवतही नाहीत. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड बंदरातले दलाल देवमाशाच्या शिकारीवर जाणाऱ्या जहाजांना असाच पैसा उभा करून देत. सफर दोन-तीन वर्षांची, काही जहाजं परतच येत नसत, आणि कप्तानापासून खलाशापर्यंत सगळ्यांना पगाराऐवजी नफ्यात हिस्सा. आजच्या स्टार्टअपमध्ये ईसॉप, म्हणजे नोकरांना कंपनीतला हिस्सा, वाटतात तेव्हा मला हे खलाशी आठवतात. हिशेब जुनाच आहे, फक्त समुद्र बदलला.

आकडे बघितले की आणखी स्पष्ट होतं. कोरिलेशन व्हेंचर्स या फंडाने २००४ ते २०१३ या काळातल्या अमेरिकेतल्या २१ हजारांवर गुंतवणुकींचा ताळा मांडला होता. त्यात सुमारे ६५ टक्के गुंतवणुकींत घातलेले पैसेसुद्धा पुरते परत आले नाहीत. दहापट किंवा जास्त देणाऱ्या भरल्या जेमतेम चार टक्के. आमच्या इतवारीतल्या एखाद्या शेठला मी सांगितलं की शंभरातले ६५ बुडणार आहेत, तर तो मला चहा पाजून परत पाठवेल.

आता फंडाची घडण पाहू, कारण पोरं इथेच फसतात. फंड म्हणजे त्या साहेबांचा स्वतःचा पैसा नव्हे. पेन्शन फंड, मोठी घराणी, विमा कंपन्या असे लोक साधारण दहा वर्षांसाठी पैसा देतात. आपल्याकडे हे सेबीच्या २०१२ च्या नियमांखाली चालतं. फंड चालवणाऱ्याला वर्षाला साधारण दोन टक्के खर्चापाण्याला आणि नफ्यात २० टक्के हिस्सा, हा जगभरचा रिवाज. समजा फंड ४०० कोटींचा आहे. दहा वर्षांनी देणाऱ्यांना तिप्पट तरी दिसलं पाहिजे, नाहीतर पुढचा फंड कोणी देणार नाही. बहुतेक कंपन्या बुडणार हे गृहीत, म्हणजे एखाद-दुसऱ्या कंपनीने एकटीने ४०० कोटी परत आणायला हवेत. कंपनी पुढे नवा पैसा उभारते त्या प्रत्येक फेरीत फंडाचा हिस्सा घासत घासत शेवटी १० टक्क्यांच्या आसपास उरतो. १० टक्क्यांचे ४०० कोटी व्हायचे तर कंपनी ४,००० कोटींची झाली पाहिजे. तुमच्यासमोर बसलेला माणूस मान डोलवत असतो तेव्हा त्याच्या डोक्यात एवढंच चाललेलं असतं: हे पोट्टे ४,००० कोटींपर्यंत जातील का? हा धंदा चांगला आहे का, हा प्रश्न त्याच्या यादीत बराच खाली असतो.

माझ्या भाच्याच्या बाबतीत हे मी समोर बसून पाहिलं.

भाचा आणि त्याचे दोन मित्र. तिघांनी ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी ॲप काढलं होतं. ज्यांना या धंद्याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रक माल घेऊन निघतो तेव्हा ट्रकमालकाला भाड्यातला काही भाग ॲडव्हान्स मिळतो. बॅलन्स मिळतो माल पोचल्यावर, आणि तोही घेणाऱ्याने सही-शिक्का मारलेली पोच ट्रान्सपोर्टरच्या हातात आल्यावर. ती पोच ड्रायव्हरच्या खिशात फिरते, घामाने भिजते, कुरिअरने येते, कधी येतच नाही. तोवर बॅलन्स अडकलेला. या पोरांची कल्पना अशी की ड्रायव्हरने पोचेचा फोटो ॲपवर टाकायचा आणि ट्रान्सपोर्टरने तिथेच ती मंजूर करायची. नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या काही ट्रान्सपोर्टरांनी ते घेतलंही होतं.

बेंगळुरूच्या एका फंडातल्या बाई नागपूरला आल्या होत्या. मूळच्या सांगलीकडच्या, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. भाच्याने मोठी तयारी केली होती. आयटी पार्कजवळच्या एका कॅफेत लॅपटॉप उघडून तो सुरू होणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हे मी विमानात वाचलंय. आपण वाडीला जाऊ या का?"

अमरावती रोडने आम्ही माझ्याच गाडीने गेलो. ट्रान्सपोर्टचं ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली, कूलर, गणपतीचा कॅलेंडर, बिल्टी (मालाची पावती) बुकांचे गठ्ठे आणि मागे गोदामात हमालांचा आरडाओरडा. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. मालकाशी फारसं बोलल्याच नाहीत. त्यांचं लक्ष मुनीमजींवर. मुनीमजी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांच्या मोबाइलवर ड्रायव्हरचे फोटो व्हॉट्सॲपवर येत होते. ते फोटो बघून ते आधी रजिस्टरमध्ये गाडी नंबर लिहीत, वाराईचे (माल चढ-उताराच्या हमालीचे) आणि हॉल्टिंगचे (गाडी खोळंबल्याचे) पैसे मांडत, आणि मग, भाचा शेजारी उभा होता म्हणून की काय, तोच फोटो ॲपवर चढवत.

बऱ्याच वेळाने बाईंनी एकच विचारलं, "काका, हे ॲप उद्या बंद पडलं तर?"

"तं काय होते म्याडम? रजिष्टर हाय नं."

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसं बोललं नाही. पुढच्या आठवड्यात सभ्य भाषेत नकार आला. मार्केट लहान वाटतं, ॲपची सवय अजून पक्की नाही, संपर्कात राहू. भाचा भडकला. "मामा, तिला ट्रान्सपोर्ट समजतच नाही. मुनीम म्हाताराय, त्याचं काय ऐकते?"

मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. समजा देशभरातले २०,००० ट्रान्सपोर्टर महिन्याला १,००० रुपये द्यायला तयार झाले. हे सोपं नाही, पण झाले. वर्षाचे २४ कोटी. अशा कंपनीला वर्षाच्या उत्पन्नाच्या पाच-सहापट किंमत मिळाली तर १२० ते १४४ कोटी. फंडाच्या वाट्याचे १० टक्के म्हणजे १२ ते १४ कोटी. ४०० कोटींच्या फंडाला त्याने काय फरक पडतो? आणि तुम्हा तिघांना? तुमच्या तर सात पिढ्यांचं भलं होईल. तोच धंदा, तेच आकडे. त्यांना नको आणि तुम्हाला हवा, दोन्ही बरोबर. तो गप्प झाला, पण पटलं असं चेहऱ्यावर दिसलं नाही.

मला स्वतःला त्या बाईंच्या प्रश्नाने मात्र विचारात पाडलं. व्हीसी लोक तंत्रज्ञानाचा कल कसा ओळखतात यावर खूप लिहिलं जातं. मला वाटतं त्यात भविष्यकथन कमी आणि अशी खोलीत बसून केलेली टेहळणी जास्त. लोक आज एखादं काम कुठे ओढूनताणून करतायत? बाजारात काय अचानक स्वस्त झालंय? सरकारने कोणता दरवाजा उघडलाय? बस तिकिटाचं उदाहरण घ्या. २००५ च्या दिवाळीत बेंगळुरूहून हैदराबादला घरी जायचं तिकीट न मिळालेल्या एका इंजिनिअरने पुढच्याच वर्षी रेडबस काढली. २०१३ मध्ये ती विकली गेली. दिवाळीत ट्रॅव्हल्सच्या ऑफिसांपुढे फेऱ्या मारणं ही ओढाताण तर नागपूर-पुणे करणाऱ्या प्रत्येकाने भोगली होती. ती संपवण्याजोगी साधनं हाताशी आल्यावर तिचा धंदा झाला.

ट्रकच्या धंद्यातही तेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांत गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरज संपली. तोवर केंद्रीय विक्रीकर वाचवायला प्रत्येक राज्यात माल साठवावा लागे. आता देशाच्या मध्यावर एक मोठं गोदाम पुरतं, आणि देशाचा मध्य म्हणजे आमचं गाव. झिरो माइलचा दगड शाळेपासून दाखवतात तो उगाच नाही. मग एप्रिल २०१८ पासून मालासोबतचं ऑनलाइन ई-वे बिल, फेब्रुवारी २०२१ पासून टोलवर फास्टॅगची सक्ती. बघता बघता ट्रकचा कागदी संसार मोबाइलवर आला. ब्लॅकबक ही कंपनी २०१५ मध्ये ट्रक आणि माल यांची गाठ घालून द्यायला निघाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती शेअर बाजारात आली तेव्हा तिची कमाई मुख्यतः टोल, डिझेलचे पैसे आणि जीपीएसची होती. म्हणजे सुरुवातीच्या गुंतवणूकदारांनी जो बेत वाचून पैसे दिले, पैसा तिथून आलाच नाही.

म्हणूनच ते सारखे टीम टीम करतात. २०२० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ८८५ गुंतवणूकदारांना विचारलं होतं. सर्वांत महत्त्वाचं काय, याला जवळजवळ निम्म्यांचं उत्तर होतं, माणसं. धंद्याचा बेत, माल, बाजारपेठ सगळं त्यानंतर. टाटांनीही तेच केलं होतं. एम्प्रेस मिलचा कारभार त्यांनी बेझनजी मेहतांवर सोपवला. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतुकीतले, कापडाचा गंध नाही. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबीकडे. मिलने सुरुवातीला घेतलेली स्वस्तातली यंत्रं निकामी ठरली, ती बदलावी लागली. पुढे अमेरिकेत निघालेल्या, सूत कातायच्या रिंग चात्यांकडे इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीवाले शंकेने पाहत होते तेव्हा नागपुरात त्या लावून बघितल्या गेल्या. बेत बिघडल्यावर माणूस काय करतो, हे बघायला ताळेबंद उपयोगी पडत नाही.

पण इथे माझी एक तक्रार आहे. "आम्ही माणसं बघतो" हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात ओळखीची माणसं बघितली जातात. त्याच अभ्यासानुसार एका गुंतवणुकीमागे शंभरेक प्रस्ताव येतात, अठ्ठावीस जणांची भेट होते, दहाएक प्रस्ताव फंडाच्या भागीदारांच्या बैठकीपर्यंत पोचतात. आणि झालेल्या गुंतवणुकींत कोणाच्या शिफारशीशिवाय थेट दार ठोठावणाऱ्यांचा वाटा साधारण दहावा. निम्म्याहून जास्त जुने सहकारी, दुसरे फंड, आधीच्या कंपन्यांचे संस्थापक यांच्यामार्फत, आणि उरलेल्या बहुतेक फंडांनी स्वतः हुडकलेल्या. आयआयटीच्या होस्टेलमध्ये राहिलेल्या मुलाला हे जाळं आपोआप मिळतं. वाडीच्या गोदामांमागे वाढलेल्या मुलाला, ज्याला बॅलन्स का अडकतो हे नाकाने कळतं, ते कुठून मिळणार? उलट्या हिशेबात चुकवलेली संधी सर्वांत महाग असते म्हणतात, आणि संधी शोधायला मात्र सगळे त्याच चार गल्ल्यांतून फिरतात. हे मला काही पटलेलं नाही.

चुकवतात तेही कसं चुकवतात! बेसेमर या जुन्या अमेरिकन फंडाने नाकारलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच्याच संकेतस्थळावर लावली आहे. त्यात फेडेक्स सातदा नाकारल्याची कबुली आहे. गुगलची दोन मुलं ज्या बाईंच्या गॅरेजमध्ये बसत, त्या या फंडातल्या एका भागीदाराच्या मैत्रीण; त्याने भेट तर टाळलीच, वर गॅरेजजवळून न जाता घराबाहेर कसं पडायचं ते विचारलं. एअरबीएनबीने २००८ मध्ये दीड लाख डॉलर मागितले, कंपनीची किंमत धरली होती १५ लाख. सात जणांकडे गेले. पाच नाही म्हणाले, दोघांनी उत्तरच दिलं नाही. अनोळखी माणसाच्या घरात कोण झोपेल, हा प्रश्न त्यातल्या कोणालाही पडला असेल, आणि माझ्या आईला तर अजून पडतो. डिसेंबर २०२० मध्ये शेअर बाजारात आल्या दिवशी त्या कंपनीची किंमत ८० अब्ज डॉलरच्या वर होती.

उलटंही होतं, म्हणजे कल्पना बरोबर आणि वेळ चुकीची. वेबव्हॅन नावाची कंपनी अमेरिकेत इंटरनेटवरून किराणा घरपोच देत होती. नावाजलेल्या फंडांचा पैसा, अवाढव्य गोदामं. २००१ मध्ये दिवाळं. तेव्हा लोक म्हणाले, किराणा असा कोणी मागवणारच नाही. आज धरमपेठेत फोडणी टाकल्यावर कढीपत्ता नाही हे लक्षात येतं आणि फोडणी जळायच्या आत नाही तरी जेवायच्या आत तो दारात येतो. मधल्या काळात माणसांच्या भुकेत काही बदल झाला नाही. बदललं ते हे की प्रत्येकाच्या खिशात नकाशा असलेला फोन आला, २०१६ मध्ये यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी जिओने डेटाचा भाव पाडला. रॉय अमारा म्हणून एक अमेरिकन अभ्यासक होते. तंत्रज्ञानाचा परिणाम आपण नजीकच्या काळात जास्त धरतो आणि लांबच्या काळात कमी धरतो, असं ते म्हणत. व्हीसीची अडचण अशी की त्याच्या फंडाची मुदत या दोन काळांच्या बरोबर मध्ये संपते.

आणि मग गर्दी. बेन या सल्लागार कंपनीच्या अहवालांनुसार भारतात २०२१ मध्ये ३८.५ अब्ज डॉलर व्हेंचर भांडवल आलं, २०२३ मध्ये ९.६ अब्ज. दोन वर्षांत देशातली हुशार माणसं चौथ्या हिश्श्यावर आली असं तर झालं नसेल! व्याजदर चढले, परदेशातला पैसा आटला आणि ज्याला त्याला एकदम नफ्याची आठवण झाली. २०२१ मध्ये पोरांना "वाढ दाखवा" सांगणारे २०२३ मध्ये "बर्न किती आहे", म्हणजे महिन्याला किती पैसा जळतो, हे विचारू लागले. गर्दीत चुकलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही, एकट्याने चुकलेल्याला विचारतात. फंडवाल्यांनाही वर साहेब असतात.

म्हणून मी क्लायंटना सांगतो की हा पैसा म्हणजे धंद्याची पावती नव्हे. आमच्या गावात बघा ना. सोलर इंडस्ट्रीज १९९५ मध्ये सुरू झाली, आजूबाजूच्या कोळसा खाणींना लागणारी स्फोटकं बनवत. २००६ मध्ये शेअर बाजारात आली, आता ड्रोन आणि दारूगोळा बनवते, आणि किंमत लाख कोटींच्या घरात गेली. हल्दीरामचं घराणं बिकानेरचं, त्यांची एक पाती नागपुरात रुजली. पिढ्यान्‌पिढ्या भुजिया आणि संत्रा बर्फी विकून झाल्यावर २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या सरकारी गुंतवणूक कंपनीने त्यांच्यात हिस्सा घेतला, तेव्हा बातम्यांत किंमत होती सुमारे १० अब्ज डॉलर. गल्ल्यातून पैसा काढून पुन्हा धंद्यात घालणं हीसुद्धा एक रीत आहे. तिला वेळ लागतो, आणि वेळ नसेल, बाजार एकदाच कोणीतरी घेऊन जाणार असेल, तर ती रीत कामाची नाही. तिथे व्हीसीच हवा.

भाच्याचं पुढे असं झालं की त्यांनी ॲप गुंडाळलं. बाईंवरचा राग निवल्यावर पोरांच्याच ध्यानात आलं की मुनीमजी व्हॉट्सॲप सोडणार नाहीत, तर आपणच व्हॉट्सॲपवर जावं. आता ड्रायव्हरचा फोटो मुनीमजी एका नंबरवर नुसता पुढे ढकलतात. चुरगळलेल्या, तेलकट पोचेवरची हिंदी-मराठी अक्षरं एआय वाचतं आणि गाडी नंबर, तारीख, वजनाची तूट असं सगळं मांडून परत पाठवतं. पाच वर्षांपूर्वी हे या किमतीत झालं नसतं. आज प्रत्येक पोराच्या सादरीकरणात एआय असतं आणि बहुतेकांत ते लग्नाच्या पत्रिकेवरच्या गणपतीसारखं फक्त वर छापलेलं असतं. इथे निदान त्याला काम आहे. धास्ती एवढीच की हेच काम उद्या फुकटात कुठेही होऊ लागलं तर या तिघांकडे काय उरेल? भाच्याचं उत्तर असं की कोणता ट्रान्सपोर्टर बॅलन्स किती दिवसांत देतो याची नोंद उरेल, आणि ट्रकमालकाला आगाऊ पैसे देऊ पाहणाऱ्या कंपन्यांना तीच हवी आहे. हे मला विचार करण्याजोगं वाटतं.

सध्या वेगळाच पेच आहे. माझेच एक इतवारीतले क्लायंट, शेठ म्हणू, त्यांना या पोरांत रस वाटायला लागला आहे. त्यांनी ४० लाख देऊ केले, ४० टक्के हिश्शाला, वर गोदामाच्या माडीवर ऑफिस फुकट. भाचा हुरळला. मी हिस्सेदारीचा तक्ता काढून दाखवला: पहिल्याच फेरीत ४० गेले तर दोन फेऱ्यांनंतर तुम्हा तिघांत मिळून एवढंसं उरेल, आणि तो तक्ता बघून पुढचा कोणताही फंड हात लावणार नाही. एंजल टॅक्स २०२४ च्या अर्थसंकल्पाने गेला, तेव्हा शेअरची किंमत जास्त धरली म्हणून आयकरवाले विचारतील ही भीतीही आता नाही. मी शेठना कन्व्हर्टिबल नोट सुचवली. आज पैसे द्या, हिस्सा पुढच्या फेरीत ठरेल, त्या भावावर तुम्हाला सूट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, दोन वेळा चष्मा पुसला.

"पुढची फेरी झालीच नाही तं, साहेब?"

म्हटलं, मग तुमचे पैसे गेले असं समजा.

शेठ पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आले आहेत, पण आता त्यांना आपल्या धाकट्या चिरंजीवांना डायरेक्टर करायचं आहे. चिरंजीव सध्या घरीच असतात. भाचा म्हणतो, डायरेक्टर नाही, हवं तर वाडीच्या ऑफिसात मुनीमजींच्या शेजारी तीन महिने बसव त्याला. हे शेठना कोणत्या शब्दांत सांगायचं, ते माझ्यावर सोपवलं आहे.